काळ्या चिखलातली चूल

ओहोटीला आचऱ्याच्या खाडीत उतरलात की पहिली पाच-पन्नास पावलं सगळं ओळखीचं असतं. खडकाला चिकटलेली कालवं, वाळूत बोटभर खाली दडलेल्या तिसऱ्या, ओणव्या होऊन हातांनी वाळू चाचपणाऱ्या बायका, टोपलीत शिंपला पडल्याचा तो कोरडा आवाज. मग तुम्ही खारफुटीच्या बाजूला वळता. पाय घोट्यापर्यंत रुततो, मग नडगीपर्यंत. उपसून काढला की मागच्या खड्ड्यात काळं पाणी झिरपतं आणि कुजक्या अंड्यांचा वास नाकात शिरतो.

"थंय जाव नकात," त्यातली सगळ्यात वयस्क बाई ओरडून सांगते. "थंय काय गावाचा नाय."

तिच्या डोक्यात अख्ख्या खाडीचा नकाशा आहे. शिनाणे लाटा खाणाऱ्या खडकावर धाग्यांनी बांधलेले असतात, कालवं निवाऱ्याच्या दगडावर, खुबे आणि तिसऱ्या वाळूमिश्रित गाळात, मुळे कुठे आणि कोणत्या महिन्यात भरलेले. हे सगळे जीव पाणी आत ओढतात, कल्ल्यांच्या चाळणीतून गाळतात आणि त्यातले सूक्ष्म कण खातात. जिथे पाणी खेळतं तिथेच त्यांचं पोट भरतं. काळ्या चिखलात पाणी खेळत नाही, म्हणून तिथे टोपली घेऊन कोणी जात नाही. तिच्या टोपलीपुरतं तिचं म्हणणं सोळा आणे खरं आहे.

पण पाय तसाच राहू द्या. भरती चढायला अजून दोन-तीन तास आहेत, आणि तेवढ्यात फार लांब जाऊन यायचं आहे. वाट चुकण्याची भीती नाही. जिथे जिथे थांबायचं तिथे हाच वास असेल.

पहिला मुक्काम सगळ्यात दूरचा, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. आज ज्याला स्वीडनचं गोटलँड बेट म्हणतात तो भाग आत्ता विषुववृत्ताजवळच्या उथळ, कोमट समुद्राचा तळ आहे. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात. वर पाहिलंत तर एकही पक्षी नाही. किनाऱ्याकडे पाहिलंत तर झाड नाही, गवत नाही. ओलसर जागी टाचणीसारखी हिरवी देठं उगवलेली, बोटभर उंचीचीसुद्धा नाहीत. सूर्य तुमच्या अंदाजाआधीच कलतो, कारण पृथ्वी अजून जरा वेगाने फिरते आहे आणि दिवस तुमच्या दिवसापेक्षा दोनेक तासांनी लहान आहे. जमीन जवळजवळ मुकी आहे. सगळी गजबज पायाखाली आहे.

गाळात हात घाला. वरचा थर फिकट आहे, त्याखाली लगेच काळा. समुद्रात जे मरतं ते या गाळात येऊन कुजतं, आणि कुजताना प्राणवायू काही मिलिमीटरांतच संपून जातो. त्याखाली ज्यांना प्राणवायू लागतच नाही असे जिवाणू राहतात. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो तिथे ते समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. लिटरभर समुद्रपाण्यात जवळजवळ पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं, तेव्हा त्यांना तोटा कसला? आणि त्यांचा उच्छ्वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तोच तुमच्या ओळखीचा वास. प्राण्यांना हा वायू जहर आहे. पेशीत प्राणवायू वापरणारं यंत्रच तो अडवून धरतो, सायनाइड अडवतं तसं. अशा जागेतून कोणीही शहाणा जीव पळून जाईल.

कोपरापर्यंत हात गेला की बोटांना एक गोलसर कवच लागतं. ते पळून गेलेलं नाही. उलट मुद्दाम खोल उतरून बसलं आहे. पुढे याला इलिओनिया प्रिस्का म्हणतील, आणि गोटलँडच्या खडकात हे शिंपले जिवंतपणी ज्या बैठकीत पुरून बसले होते त्याच बैठकीत सापडतील. शिंपल्यांच्या ल्युसिनिड घराण्याचा हा आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जुना पूर्वज मानतात. कल्ल्यांचे काही दगड होत नाहीत, त्यामुळे याच्या कल्ल्यांत काय होतं ते प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी नाही. पण कवचाची घडण आजच्या ल्युसिनिडांची, बसण्याची तऱ्हाही त्यांचीच. जिवाणूंशी करारही तोच असला पाहिजे हे अनुमान मला पूर्ण पटतं.

तो करार इथेच समजून घ्या, कारण पुढे प्रत्येक मुक्कामी तो लागणार आहे. जिवाणूंची आणखी एक जमात आहे. ती हायड्रोजन सल्फाइड जाळते. जाळते म्हणजे प्राणवायूशी त्याचा संयोग घडवते, आणि त्या ऊर्जेवर पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करते. झाडं जे काम उन्हावर करतात ते ही अंधारात करते. अडचण एकच. प्राणवायू वर असतो, सल्फाइड खाली, आणि दोघं एकत्र आले की फार वेळ टिकत नाहीत. एवढ्याशा जिवाणूने खालीवर धावायचं कसं? शिंपल्याला मात्र पाय आहे. दोरीसारखा लांब होणारा तो पाय चिखलातून वर सरकवत तो चिकट अस्तराची एक नळी तयार करतो आणि तिच्यातून स्वच्छ पाणी ओढतो. तोच पाय खाली खुपसून काळ्या थरात वाटा पाडतो. फुंकणी वरून, सरपण खालून, आणि चूल कल्ल्यांत. जिवाणू कल्ल्यांच्या पेशींच्या आतच वस्तीला असतात. ते रांधतात, आणि शिंपला त्यांच्यातलं काही खातो, वेळप्रसंगी त्यांनाही खातो.

आता पस्तीस कोटी वर्षं ओलांडून या. ल्युसिनिडांपुरतं बोलायचं तर या अफाट काळात फार काही मोठं घडलं नाही. घराणं टिकलं, पण पसरलं नाही. क्रिटेशस काळाच्या अखेरीस तुम्ही आजच्या नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या जागी उथळ समुद्रात उभे राहता. दूर पाणी फाटतं आणि मोसासॉर या सागरी सरीसृपाची पाठ दिसते, तराफ्याएवढी लांब. नजर तिकडेच जाणार. तरी ती वळवा आणि पायाशी बघा. पायाशी गवत आहे.

शेवाळ नव्हे, गवत. मुळं, खोड, पानं असलेली खरीखुरी वनस्पती, जमिनीवरून परत समुद्रात शिरलेली. मास्ट्रिक्टच्या चुनखडीत या समुद्रगवताचे ठसे सापडतात. गवताची मुळं गाळ धरून ठेवतात, पानं वाहत्या पाण्याला अडवतात, मग कुजायला भरपूर माल साठतो, आणि तळाचा चिखल पूर्वी कधी नव्हता इतका काळा आणि जाड होत जातो. स्टीव्हन स्टॅन्ली या पुराजीवशास्त्रज्ञाने २०१४ साली मांडलं की ल्युसिनिडांचं नशीब इथे उघडलं. समुद्रगवत आणि पाठोपाठ खारफुटी पसरली, आणि तिच्या सावलीत हे घराणं फोफावलं. आज त्याच्या सुमारे ४०० जाती आहेत आणि भरतीओहोटीच्या पट्ट्यापासून दोन हजार मीटरपेक्षा खोल पाण्यापर्यंत त्या राहतात. तुम्ही मास्ट्रिक्टला गवत पाहताय त्या काळाच्या सरत्या टोकाला तुमचा सह्याद्री लाव्हा होऊन जमिनीतून बाहेर पडतो आहे. मोसासॉर त्यानंतर उरत नाहीत. चिखलातले शिंपले उरतात.

पुढचा मुक्काम १७९०च्या दशकातलं नेपल्स. खिडकीतून उजेड येणाऱ्या खोलीत जुझेप्पे सावेरिओ पोली एका ताटलीवर वाकला आहे. युरोपातले श्रीमंत लोक तेव्हा शिंपल्यांसाठी पैसे मोजत, पण त्यांना हवं असायचं ते कवच; आतला मऊ जीव खरवडून फेकून दिला जाई. पोलीला तो जीवच हवा आहे. दोन सिसिलींच्या राज्यातल्या शिंपल्यांवरच्या त्याच्या भव्य ग्रंथाचे पहिले दोन खंड १७९१ आणि १७९५ साली आले. त्यात त्याने कवचाला बाजूला सारून आतल्या शरीरावरून गट पाडले, हे मला फार मोलाचं वाटतं. आज त्याच्यासमोर भूमध्य समुद्राच्या गाळातला एक पांढरा, गोल, सुपारीएवढा शिंपला उघडून ठेवलेला आहे. पाय विलक्षण लांब, दोरीसारखा. म्हणून तो नाव देतो लोरिपेस, वादीसारख्या पायाचा.

त्याच्या खांद्यावरून नीट बघून घ्या. कल्ले जाड, मांसल, फिकट. शेजारी ठेवलेल्या साध्या शिंपल्याचे कल्ले कागदासारखे पातळ आहेत. तुम्हाला उत्तर माहीत आहे आणि ओठावर आलं आहे. पण पोलीच्या काळात जिवाणूंमुळे काही घडतं हीच कल्पना अजून जन्मलेली नाही. तुम्ही बोललात तरी त्याला ऐकू जाणार नाही.

१९५८ सालीसुद्धा ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. ए. ॲलन यांनी ल्युसिनिडांच्या शरीररचनेवर मोठा निबंध लिहिला. पायाने केलेली नळी, साधी झालेली पचनसंस्था, जाड कल्ले, सगळं त्यात आलं. कोडं तेवढं तसंच राहिलं. इतकं लहान पोट असलेला प्राणी एवढा मांसल कसा?

उत्तराची वाट मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या दिशेने आली.

१७ फेब्रुवारी १९७७. गालापागोस बेटांपासून दूर, प्रशांत महासागराच्या पोटात २,५०० मीटर खाली, तुम्ही 'ॲल्विन' पाणबुडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला आहात. आत तिघं आधीच दाटीवाटीने बसलेले, सगळ्यांच्या अंगावर थंडीचा काटा. त्यातले जॅक कॉर्लिस आणि त्येर्ड फान आंदेल हे दोघे भूशास्त्रज्ञ. ते समुद्रतळाच्या भेगेतून गरम पाणी येतं का ते पाहायला आले आहेत. जीव शोधायला कोणीच आलेलं नाही, मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नाही. सूर्य नाही म्हणजे शेवाळ नाही, शेवाळ नाही म्हणजे खाणंपिणं नाही, तेव्हा खाली वाळवंटच असणार. आचऱ्याच्या त्या बाईचं वाक्य इथे पुस्तकी भाषेत सगळ्यांना पाठ आहे.

आदल्या रात्री दोरीने ओढलेल्या कॅमेऱ्याने तळाचे हजारो फोटो काढले होते. नुसता काळा लाव्हा, मैलोनमैल. मधल्या फक्त तेरा फोटोंत, नेमकं तापमापक किंचित चढला तेवढ्याच जागी, शेकडो पांढरे शिंपले. आता 'ॲल्विन'चा दिवा त्या जागेवर पडतो. पाणी उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखं थरथरतं आहे, आणि लाव्हाच्या फटीफटींत ते खोचून बसले आहेत, वीतभरापेक्षा मोठे. यांत्रिक हाताने एक उचलला, वर नेऊन उघडला, तर आतलं मांस रक्तासारखं लाल.

वर जहाजावर पाण्याचा नमुना उघडला जातो आणि प्रयोगशाळेत एकदम शांतता पसरते. मग कोणीतरी खिडकी उघडायला धावतं. तुम्ही मात्र जागचे हलत नाही. हा वास तुम्ही ओळखता. तुमच्या पोटरीला अजून तो चिखल लागलेला आहे. प्राणी टिकवून ठेवायला पुरेसं फॉर्मालिन जहाजावर नाही, कारण प्राणी मिळतील असं कोणाच्या मनातच नव्हतं. म्हणून पनामात विकत घेतलेल्या रशियन व्होडकात काही नमुने बुडवून ठेवले जातात.

तीन वर्षांनी, १९८० साली, हार्वर्डच्या एका वर्गात तुम्ही मागच्या बाकावर आहात. स्मिथसोनियन संग्रहालयातले मेरेडिथ जोन्स त्याच उष्ण झऱ्यांवर सापडलेल्या माणसाएवढ्या नळीकृमींविषयी सांगत आहेत. या कृमीला तोंड नाही, आतडं नाही. बोलता बोलता ते सांगून जातात की त्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडले. तुमच्या पुढच्या रांगेतली एक मुलगी ताडकन उठून उभी राहते. कॉलिन कॅव्हानॉ, संशोधनाचं पहिलंच वर्ष. तिचं म्हणणं साधं आहे: गंधक आहे तर गंधक जाळणारे जिवाणू आतच असणार, आणि तेच याला जगवत असणार. पुढच्या वर्षी 'सायन्स'मध्ये तिचा निबंध आला आणि ते खरं ठरलं. पोलीच्या ताटलीपासून या बाकापर्यंत दोनशे वर्षांच्या आसपास काळ गेला.

मला त्याहून आवडते ती तिची पुढची खेप. 'ॲल्विन'चं घर म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं वूड्स होल बंदर. त्या परिसरातल्या उथळ समुद्रगवताच्या चिखलात सोलेमिया नावाचा तपकिरी, नाजूक, बोटाच्या पेराएवढा शिंपला राहतो. कॅव्हानॉने त्याचे कल्ले तपासले आणि १९८३ साली दाखवलं की तोच करार इथेही आहे. एवढ्या खोल समुद्रात जे नवल सापडलं ते बंदराच्या उंबऱ्याशी गमबूट घालून गेल्यावर हाताला लागलं. सोलेमियाच्या काही भाईबंदांना तर आतडंच नाही. मग एकेक घराणं उघड होत गेलं: ल्युसिनिड, थायासिरिड, उष्ण झऱ्यांवरच्या शिनाण्यांचे नातलग. लाकूड पोखरून होड्या सडवणारा नौकाकृमी, तोही मुळात शिंपल्यांच्याच कुळातला, कल्ल्यांतल्या जिवाणूंच्या जोरावर लाकूड पचवतो. २०१७ साली फिलिपिन्सच्या एका खाजणातून हातभराहून लांब जिवंत कुफस काढल्याचं जाहीर झालं. त्याचे भाऊबंद लाकूड खातात; याने लाकूड सोडून दिलं आणि चिखलातल्या सल्फाइडवर संसार मांडला.

कॅरिबियन बेटांच्या खारफुटीत क्षणभर थांबा, कारण इथला चिखल हुबेहूब तुमच्या खाडीसारखा आहे. इथल्या फॅकॉइडस जातीच्या शिंपल्याचे कल्ले गडद लाल असतात. त्याच्याकडे तीन प्रकारचं हिमोग्लोबिन आहे. दोन प्रकार आपल्यासारखा प्राणवायू वाहतात, तिसरा सल्फाइड धरून ठेवतो आणि जिवाणूंच्या दारात नेऊन सोडतो. ज्या विषाने बाकीचे मरतात ते हा रक्तातून शिधा म्हणून पोहोचवतो. शरीराने विषाची ठेवलेली ही बडदास्तच म्हणायची.

आता मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर, सहाराचं वाळवंट जिथे समुद्राला भिडतं तिथे, बाँ दार्गँच्या उथळ पाण्यात. ओहोटीला मैलोनमैल समुद्रगवत उघडं पडलं आहे आणि त्यावर सैबेरियातून आलेले नॉट पक्षी टोचत फिरत आहेत. नॉट शिंपला अख्खा गिळतो आणि गिझार्डमध्ये चिरडतो. इथे पावलोपावली लोरिपेस आहे, पोलीचाच लोरिपेस, पातळ कवचाचा आणि मांसाने भरलेला. तरी पक्षी तेवढ्यावर पोट भरत नाही. त्या मांसात गंधकाचं विष आहे, जास्त खाल्लं की त्याला जुलाब होतात. म्हणून मधून मधून तो दुसरा, कमी मांसाचा शिंपला टिपून खातो.

२०१२ साली त्येसे फान डेर हेइडे आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की करार दोघांचा नाही, तिघांचा आहे. गवत कुजून सल्फाइड तयार होतं, आणि तेच वाढलं तर गवताची मुळं जाळतं. लोरिपेस ते उपसतो. बदल्यात गवताच्या मुळांतून थोडा प्राणवायू गाळात झिरपतो, तो शिंपल्याच्या कामी येतो. उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ सगळ्या समुद्रगवतांत ल्युसिनिड सापडतात, ते उगीच नाही. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की या जिवाणूंकडे हवेतला नायट्रोजन बांधण्याचीही जनुकं आहेत, आपल्या भुईमुगाच्या गाठींतल्या जिवाणूंकडे असतात तशी.

पण २०११मध्ये इथे उभे राहिलात तर वेगळं दृश्य दिसेल. दुष्काळाच्या त्या वर्षी उघड्या पडणाऱ्या भागातलं गवत करपलं. गवत खंगल्यावर सल्फाइड साठत गेलं, शिंपल्यांना ते उपसणं झेपेना, ते मेले, आणि जे गवत तगलं असतं तेही गेलं. हिरव्या गालिच्याच्या जागी उघडा चिखल. पायाखालचा वास तोच आहे, पण आता तो कोणी जाळत नाही.

शेवटचा मुक्काम ग्वादलूप बेट. इथे तुम्हाला लहान व्हावं लागेल, वाळूच्या कणाहून लहान. कोडाकिया या पांढऱ्या शिंपल्याची अळी पाण्यातून तरंगत गवतात उतरते आहे. तिच्या अंगात एकही जिवाणू नाही. आईने शिदोरी बांधून दिलेली नाही. ऑलिव्हिए ग्रो आणि सहकाऱ्यांनी इथेच सिद्ध केलं की प्रत्येक पिल्लाला आपले जिवाणू चिखलातूनच मिळवावे लागतात. हे जिवाणू गाळात मोकळेही राहतात, आणि इथल्या अनेक जातींच्या शिंपल्यांना एकच जिवाणू चालतो. या जिवाणूंच्या एका जातीचा वावर तर एकाहून अधिक महासागरांत आहे. म्हणजे घर कुठलंही असो, चूल पेटवणारा ओळखीचाच.

अळीचं रूपांतर झालं आहे. ती आता इवलासा शिंपला आहे, दोन पारदर्शक झडपा आणि आत कोवळे कल्ले. अजून तो इतरांसारखाच गाळून खातो. त्याच्या बाजूने वाळूत एक जिवाणू सरकतो, कल्ल्याच्या एका पेशीला टेकतो, आणि पेशीची कड त्याच्याभोवती हळूच मिटते. मग दुसरा येतो. वर गवतातून ऊन गाळून येतं आहे, खाली काही मिलिमीटरांवर काळा थर सुरू होतो. तुम्ही त्या थराच्या कडेला उभे आहात, पाय अजून रुतलेलाच.

शिंपला झडपा किंचित उघडतो आणि दोरीसारखा पाय काढून तो पहिल्यांदाच काळ्या थरात खाली सोडतो.